फरक तेवढा

दाभोळच्या जेटीमागे, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
आमचं ऑफिस : एक टेबल, एक मॉडेम,
खिडकीच्या गजाला तारेने आवळलेला अँटेना.
दिवसभर सोलकरांच्या होडीतून मोजलेला खाडीचा तळ
रात्री मुंबईला पाठवायचा.
सव्वादोन जीबी चिखल.

सत्त्याण्णव टक्क्यांवर लाइन तुटायची.
तुटली की शून्य.
जसं काही आधी गेलेलं
गेलंच नव्हतं कुठे.

"पाठवतेस तरी कसं?" सोलकरांनी एकदा विचारलं.
मी सांगितलं : एक तुकडा जातो,
पलीकडून 'पोचला' येतं, मग दुसरा.
ते हसले नाहीत, तेच लागलं मला.
"म्हणजे एक होडी धोपाव्याला जाणार,
रिकामी परत येणार, आणि तोवर
बाकीच्या सगळ्या इथे दोराला?
माझ्या बापाने नारळ असे नेले असते
तर आम्ही अजून पहिल्या शेकड्यावर असतो."

खाडी आहे तेवढी रुंद राहणारच.
कमी करता येतं ते आपलं वाट बघणं.
मी लिहायला बसले.
सोळा तुकडे एकदम पाण्यात,
प्रत्येकाच्या नाळेवर नंबर.
कोण आधी लागतो, कोण मागून, असू दे,
पलीकडच्या धक्क्यावर लावून घ्या ओळीने.
जो बुडाला तेवढाच पुन्हा मागा.
पाणी खवळलं तर सोळाचे आठ करा,
निवळलं की वाढवा, पण एकेक करून.
ही अक्कल माझी नव्हे.
माझं फक्त टायपिंग.

तरीही दीड तास लागायचा.

गणपतीनंतर दुसरी मोजणी झाली.
तीच खाडी, तेवढीच जड फाइल.
जुनी नि नवी पडद्यावर शेजारी ठेवली
आणि लाज वाटली :
मुंबईकडे मागची खाडी होतीच की.
पुन्हा अख्खी कशाला वाहायची?

म्हणून आता दोन्ही टोकं आधी
नुसता ताळा बघतात,
शाळेत गणिताखाली बघायचो तसा,
तुकड्या-तुकड्याचा, बत्तीस अक्षरांत.
जुळला, पुढे. जुळला, पुढे. जुळला.
हा नाही जुळत.
तेवढाच द्यायचा.

पहिल्यांदा चाललं तेव्हा चार मिनिटं.
खोटं वाटलं. तीनदा तपासलं.
गेलं ते एवढंसं :
वाळूची दांडी चाळीस वाव दक्षिणेला,
अंजनवेलकडच्या तोंडाशी एक नवा खड्डा,
आणि तीन ठिकाणी माझीच आधीची चूक.

सोलकर पडद्याजवळ वाकले. चष्मा खिशातच.
"दांडी सरकली हे मी सांगितलं असतं,
एका चहात."
खड्ड्याकडे मात्र बराच वेळ बघत राहिले.
बोट ठेवलं त्यावर, काढलं.
तो त्यांच्या बांबूला कधी लागला नव्हता.

माझा भाऊ रुपेश जहाजावर असतो.
उपग्रहाच्या फोनवर मिनिटं मोजून मिळतात.
उचलला की एवढंच : "नवीन काय?"
मला राग यायचा पूर्वी.
आई कशी, घर कसं, तू कशी,
काही म्हणून विचारणं नाही.

परवा म्हटलं, "विहिरीचा पंप बदलला."
"बरं," म्हणाला, आणि गप्प झाला.
महागडी आठ-दहा सेकंदं गप्प.
तेवढ्यात तो बाकीचं सगळं
आपल्याकडच्याशी लावून बघत असावा :
पडवीची तिसरी पायरी, जी हलते,
आईचं दुपारचं घोरणं,
मी.

मग काहीतरी म्हणायला लागला, "आणि ती—"
लाइन तुटली.

मी "आणि ती" लिहून ठेवलंय
कॅलेंडरवर, त्या तारखेखाली.
पुढच्या वेळी तिथूनच.